पान एकशे बारा

फर्गस टिल्डस्लीने आमच्या बेडफर्डात हॉटेल काढलं
तेव्हा बसच्या पाठीवर त्याचा चेहरा होता.
ती बस मीच चालवायचे. साडेतीन महिने
तो माझ्या मागे बसून गावाकडे बघत हसला,
हातात टोमॅटो, मनगटाला पीठ,
फोटोपुरतं.

आई म्हणाली, या पोराला मळता येत नाही.
मळणाऱ्याचं पीठ कोपरापर्यंत चढतं.

पुस्तक मात्र माझ्याकडे होतं, नवऱ्याने नाताळात दिलेलं,
विटेएवढं जड. (बाबा भट्टीवर होते,
आमच्या घरात वजनाचं माप तेच.)
आईचं काही लिहिलेलं नव्हतंच.
मीठ किती? पुरेल एवढं.
शिजवायचं किती वेळ? शिजेपर्यंत.
पीठ कुठलं? असेल ते. नसेल तर झोप.
फर्गसने निदान ग्रॅम सांगितले.
त्याच्या ग्रॅमांवर मी दोन मुलं वाढवली,
आणि हे आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याचं सगळंच साधतं असंही नाही.
पान चाळीसच्या भाताचा लगदा होतो.
'वीस मिनिटांत' म्हणतो, ते कांदा दुसरं कुणी चिरत असेल तर.
पण पान एकशे बारा,
लिंबू, चीज, शेवयांचं पाणी एक डाव,
ते पान तेल पिऊन इतकं पारदर्शक झालंय
की त्याच्यामागचा मासा दिसतो.

आईच्या एक्याऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही तिथे गेलो.
छताला दोऱ्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले
सदरे, परकर, कुणीही कधीच न घातलेले.
आई वर बघून म्हणाली,
संध्याकाळ झाली, कुणाचे आहेत ते आत घ्या.

मेनूत होती 'आजीची काव्हातेल्ली', साडेसोळा पाउंड.
कुठल्या आजीची? आईने विचारलं.
वाढपी येतमीर, अल्बानियाचा, कोवळा पोर,
त्याने हातातल्या टॅबलेटमध्ये खरोखर शोधलं.
म्हणाला, इथे फक्त आजी लिहिलंय.

ताटली आली. आईने मोजल्या. तेवीस.
पिठाचे तेवीस शिंपले, वर एक पान, तेही तुळशीसारखं
आणि एकटं.
ती खात राहिली. नावं ठेवील म्हणून
मी आधीच येतमीरसाठी चेहरा तयार ठेवलेला,
तर ती बोलायला लागली छप्पन सालचं.

ऑलिव्ह तेल तेव्हा इथे औषधाच्या दुकानात मिळायचं,
बोटाएवढ्या बाटलीत.
दुकानदाराने विचारलं, कानासाठी?
मी म्हटलं, हो, दोन्ही.
आणि नवऱ्याचेही दोन्ही.
चार बाटल्या घेऊन घरी आले,
इथल्या मऊ पिठाची काव्हातेल्ली केली,
ती पाण्यात फुटली, नुसती लापशी.
तुझा बाप भट्टीवरून आला, भुवयांपर्यंत लाल,
चमच्याने खाल्ली आणि म्हणाला,
अगदी बुस्सोची चव आहे.
धादांत खोटं. त्या एका खोट्यावर
आम्ही चाळीस वर्षं काढली.

मग ही कशी आहे? मी विचारलं.

त्याहून बरी आहे, आई म्हणाली.
बरीच बरी. पण इथे
खोटं कोण बोलणार?

येतमीरला तिने पाच पाउंड दिले, वर विचारलं,
तुझी आजी काय करते? तो म्हणाला, बुरेक.
कशाचं ते सांगताना मात्र त्याला दुसऱ्या टेबलाने बोलावलं.

दोन हिवाळ्यांत हॉटेल बंद झालं.
तिथे आता मोबाइल दुरुस्त करून मिळतात.
दोऱ्या तशाच आहेत, कपडे नाहीत.
बसवर आता गाद्यांची जाहिरात असते.

काल रात्री मी पान एकशे बारा केलं.
पुस्तक उघडलं नाही, लिंबू न मोजता पिळलं.
आईने एक घास घेतला, थांबली.
हे कुणाचं?
तुझंच, मी म्हटलं.

माझं?
तिने ताटली जवळ ओढली.
मग मीठ कमी आहे.